शेतकरी मंडळाची लेखी चर्चा : रोजकीर्द कीं खतावणी ?

शेतकऱ्यांच्या मंडळानें आपल्या सभासदांशीं विचारविनिमय करण्यासाठीं कोणतें साधन पत्करावें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटतो. महिन्याची सभा भरते, चार जाणते लोक बोलतात, दोन ठराव होतात आणि मंडळी आपापल्या गांवीं परत जातात. याहून अधिक कशाची जरूरी आहे, असें जुन्या सभासदांस वाटणें साहजिक आहे. परंतु पिकावरील संकट सभेची तारीख पाहून येत नाहीं. ऑक्टोबर छाटणी होऊन द्राक्षवेलीचे डोळे फुटूं लागले आणि नेमक्या त्याच वेळीं चार दिवस ढगाळ हवा राहून पाऊस पडला, तर केवड्याचें काय करावें हा प्रश्न त्याच रात्रीं उभा राहतो. मक्याच्या पोंग्यांत अळी शिरली, तर तिची चर्चा पुढील महिन्याच्या दुसऱ्या रविवारीं करून उपयोग नाहीं. म्हणून दोन सभांच्या मधल्या काळांत चालणारी लेखी चर्चा ही आतां चैनीची बाब राहिलेली नाहीं. फोन गांवोगांव पोंचल्यापासून बहुतेक मंडळांनीं ती कोणत्या ना कोणत्या रूपानें सुरूहि केली आहे. मात्र ती कोणत्या रूपानें चालवावी याचा आधीं विचार केलेला क्वचितच आढळतो. एखाद्या उत्साही तरुणानें गट काढला, इतरांनीं होकार दिला, आणि मग जें हातीं आलें तेंच साधन कायमचें होऊन बसलें, असाच बहुधा प्रकार असतो.

साधनांचीं नांवें पुष्कळ असलीं तरी त्यांचे मूळ प्रकार दोनच आहेत. पहिल्यांत लिखाण सभासदाच्या दारीं येतें. दुसऱ्यांत सभासद लिखाणाच्या ठिकाणीं जातो. ई-मेलची टपालयादी हा पहिल्या प्रकाराचा शुद्ध नमुना होय. यादीचा एक सामाईक पत्ता असतो. त्या पत्त्यावर एकानें पत्र टाकलें, कीं त्याच्या प्रती यादींतील प्रत्येकाच्या पेटींत जाऊन पडतात. सभासदांची भरती, गळती व पत्रांची वांटणी हीं कामें यंत्राकडूनच करवून घेणारी ‘लिस्टसर्व्ह’ नांवाची संगणकीय योजना एरिक थॉमस यांनीं १९८६ सालीं तयार केली, आणि तेव्हांपासून विद्यापीठांतील विद्वानांपासून मधमाशा पाळणाऱ्यांपर्यंत अनेक मंडळ्या या रीतीनें बोलत आल्या आहेत. दुसऱ्या प्रकाराचा नमुना म्हणजे संकेतस्थळावरील चर्चापीठ. तेथें विषयवार दालनें असतात. एकेका प्रश्नाखालीं त्याचीं उत्तरें ओळीनें लागतात. आणि वाचणाऱ्याला स्वतः तेथें जावें लागतें. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठाच्या टॉम ट्रस्कॉट व जिम एलिस या विद्यार्थ्यांनीं १९७९ सालीं कल्पिलेलें ‘यूजनेट’ हा या कुळाचा एक मूळपुरुष म्हणतां येईल. व्हॉट्सॲपचा गट या दोहोंपैकीं कोणत्या कुळांतला, असें कोणी विचारील. तो निःसंशय पहिल्या कुळांतला आहे. टपालयादीचे सर्व गुण व दोष त्यांत अधिक तिखट होऊन उतरले आहेत, इतकेंच.

सोसायटीचें दप्तर पाहिलेल्या वाचकांस हा भेद एका दृष्टांतानें चटकन उमगेल. टपालयादी ही रोजकीर्द आहे. चर्चापीठ ही खतावणी आहे. रोजकीर्दींत व्यवहार ज्या क्रमानें झाले त्याच क्रमानें लागतात : सकाळीं खताची विक्री, दुपारीं कर्जाची वसुली, संध्याकाळीं हमालीचा खर्च. आज काय झालें हें पाहावयाचें तर रोजकीर्दीसारखें साधन नाहीं. पण अमुक सभासदाकडे एकंदर येणें किती, असें विचारलें तर रोजकीर्द मुकी होते; त्यासाठीं खातें उघडून पाहावें लागतें. कोणताहि शहाणा चिटणीस या दोन वह्यांपैकीं कोणती चांगली, असा वाद घालीत बसत नाहीं. मंडळाच्या चर्चेच्या बाबतींत मात्र हा वाद हटकून निघतो, आणि एक वही घेऊन दुसरी फेंकून दिली जाते.

दारीं येणाऱ्या पत्राचें सामर्थ्य

दारीं येणाऱ्या लिखाणाचा मोठा गुण असा, कीं त्यास वाचकाच्या शिस्तीची गरज लागत नाहीं. सभासदानें कांहींहि न करितां तें त्याच्यापुढें येऊन उभें राहतें. शेतकऱ्याचा दिवस कसा जातो हें ज्यास ठाऊक आहे, त्यास या गुणाचें मोल सांगावयास नको. रात्रीच्या विजेवर पाणी देऊन पहांटे घरीं आलेला माणूस कोठल्या तरी संकेतस्थळावर जाऊन, आपलें नांव व परवलीचा शब्द घालून, आज तेथें कोणी कांहीं लिहिलें आहे काय हें पाहील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

२०१८ सालचें उदाहरण घ्या. मूळची अमेरिका खंडांतली लष्करी अळी त्या वर्षीं आपल्या देशांत प्रथम कर्नाटकांत मक्यावर आढळली, आणि त्याच वर्षीं महाराष्ट्रांतहि येऊन थडकली. तिचीं अंडीं साधारणपणें दोन-तीन दिवसांत फुटतात. लहान अळी पानाचा हिरवा भाग खरवडून खाते, तेव्हां पानावर पांढुरके पापुद्रे दिसतात. मोठी झाल्यावर ती पोंग्यांत खोल शिरून बसते. एकदां ती आंत शिरली व वर तिच्या विष्ठेचा भुसा साठला, म्हणजे फवाऱ्याचें औषध तिच्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. अर्थात् उपायाची खरी संधि थोड्या दिवसांचीच. शिवाय कीड नवी असल्यामुळें ओळखहि चटकन पटेना. डोक्यावरील उलट्या इंग्रजी ‘वाय’ची खूण, आणि शेपटाकडील आठव्या वलयावर चौकोनाच्या कोपऱ्यांप्रमाणें मांडलेले चार ठिपके, हीं लक्षणें ज्यास कळलीं त्यानें ती ओळखली, इतरांनीं ती नेहमींची खोडकिडी समजून दिवस घालविले. अशा प्रसंगीं छायाचित्रासह एक पत्र त्याच संध्याकाळीं दोनशें घरांत पोंचणें, आणि तेंच पत्र चर्चापीठावर दोनशें जणांची वाट पाहत पडून राहणें, यांतला फरक मक्याच्या उताऱ्यांत मोजावा लागतो.

पण या सामर्थ्याची किंमतहि सभासदच मोजतो. कोतवालानें दिवसांतून चाळीस वेळां दवंडी पिटली, तर एकेचाळिसाव्या वेळीं गांव कान देत नाहीं. व्हॉट्सॲपच्या गटाची मर्यादा २०२२ पासून १०२४ सभासदांची झाली आहे. एवढ्या माणसांनीं प्रत्येकीं आठवड्यांतून एकदांच सुप्रभात म्हटलें, तरी रोज दीडशेंच्या जवळपास सुप्रभातें होतात. त्यांत सणांच्या शुभेच्छा, मेलेल्यास श्रद्धांजली, निवडणुकीचे वाद आणि कुणाच्या तरी बैलाचें चित्र यांची भर पडली, म्हणजे केवड्याचा इशारा त्यांत कोठें बुडून गेला याचा पत्ता लागत नाहीं. मग माणसें गळूं लागतात. कोणी गट सोडतो. बरेच जण न सोडतां केवळ आवाज बंद करून ठेवितात, आणि तें चालकांस कळतहि नाहीं. येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. गळणारा पहिला माणूस बहुधा बडा बागाईतदार नसतो. त्यास चार तज्ज्ञांचे फोन ठाऊक असतात व त्याचें या गटावांचून अडत नाहीं, म्हणून तो निवांत राहतो. गळतो तो दोन एकरांचा कोरडवाहू शेतकरी, ज्याच्या स्वस्त फोनांत चित्रांनीं जागा भरून जाते आणि ज्यास या मंडळावांचून दुसरा सल्लागार नाहीं. मंडळ ज्याच्यासाठीं काढलें तोच असा दाराबाहेर पडतो.

यास उपाय नाहीं असें नव्हे. ई-मेलच्या टपालयादींत एक सोय फार उपयुक्त असते : सभासदाच्या इच्छेप्रमाणें दिवसभराचीं सर्व पत्रें एकत्र बांधून रात्रीं त्याचा एकच गठ्ठा पाठवितां येतो. ज्यांस घाई नाहीं त्यांनीं ही सोय घ्यावी. पत्राच्या माथ्यावर विषयाची ओळ नीट लिहिण्याची शिस्तहि लावितां येते. ‘नमस्कार’ किंवा ‘महत्त्वाचें’ ही विषयाची ओळ नव्हे, ‘कांदा : रोपवाटिकेंत मर’ ही होय.

टपालयादी चालविणाऱ्यांत एक जुना वाद आहे, तोहि येथें सांगण्याजोगा आहे. आलेल्या पत्रास सभासदानें उत्तर दिलें, तर तें सर्व यादीला जावें, कीं फक्त मूळ लेखकाला? सर्वांस जावें अशी व्यवस्था केली, तर चर्चा वाढते. पण एखाद्याचा खासगी मजकूर, सावकाराच्या देण्याची गोष्ट किंवा भावकीचा तंटा, हेंहि चुकून दोनशें घरीं जाऊन पोंचतें. केवळ लेखकाला जावें असें केलें तर ही भीति राहत नाहीं, पण उत्तर एकाच्याच पदरांत पडतें आणि तोच प्रश्न पुढील आठवड्यांत दुसरा विचारतो. यंत्रविद्येंत मुरलेले पुष्कळ लोक दुसरी रीत सुरक्षित म्हणून पसंत करितात. आमच्या मतें शेतकरी मंडळानें पहिलीच ठेवावी. एकाचें उत्तर सर्वांस मिळावें याचसाठीं मंडळ काढावयाचें असतें. खासगी बोलणें फोनवर बोलावें.

खतावणीचें मोल

आतां दुसरी बाजू. मुंबईच्या आयआयटीनें २००३ सालीं शेतकऱ्यांसाठीं ‘आक्वा’ नांवाचें चर्चापीठ उघडलें. त्या नांवाचा विस्तार ‘बहुतेक सर्व प्रश्नांचीं उत्तरें’ असा होता. त्यांतील ‘बहुतेक’ या शब्दाचा प्रामाणिकपणा आम्हांस फार आवडतो. शेतकऱ्यानें मराठी, हिंदी किंवा इंग्रजी भाषेंत प्रश्न लिहावा, हवें तर रोगट पानाचें छायाचित्र जोडावें, आणि बारामतीच्या कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांनीं त्यास उत्तर द्यावें, अशी ती योजना होती. एकानें विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर पुढें दुसऱ्यास शोधून वाचतां यावें, हें तिचें मर्म. फोनवरून मिळालेला सल्ला दोघांच्या कानांतच राहतो. तेथें मिळालेला सल्ला जिल्ह्याच्या मालकीचा झाला.

शेतीच्या प्रश्नांना हें विशेष लागू पडतें, कारण ते ऋतूबरोबर फिरून फिरून येतात. डाळिंबावरील तेल्या, कांद्यावरील करपा, उसांतली हुमणी, सोयाबीनवरील चक्रीभुंगा, हे पाहुणे दरसाल ठरलेल्या वेळीं येतात, आणि दरसाल त्यांच्याविषयीं तेच प्रश्न नव्यानें विचारले जातात. कृषि विज्ञान केंद्रांतला तज्ज्ञ पहिल्या दहा वेळां हौसेनें उत्तर देतो, विसाव्या वेळीं थोडक्यांत देतो आणि तिसाव्या वेळीं देत नाहीं. त्यास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्याचें पहिलेंच सविस्तर उत्तर जर खात्यावर नीट मांडून ठेविलें असतें, तर पुढील एकोणतीस जणांस तिकडे बोट दाखवितां आलें असतें, व तज्ज्ञाचा वेळ खरोखर नव्या प्रश्नाला मिळाला असता. गटांत नव्यानें आलेल्या सभासदास मागील दोन वर्षांची चर्चा आपोआप दिसत नाहीं. चर्चापीठावर तो पहिल्याच दिवशीं जुन्या सभासदांच्या बरोबरीस येतो.

मात्र खतावणीलाहि कीड लागते, आणि ती कीड म्हणजे शिळेपणा. २००९ सालीं कोणी विचारलेल्या प्रश्नाला अधिकारी माणसानें एंडोसल्फान फवारा असें उत्तर दिलें असेल, तर तें त्या काळीं कायद्याला धरून होतें. १३ मे २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या औषधाचें उत्पादन, विक्री व वापर बंद केला. चर्चापीठावरील उत्तर मात्र जागचें हालत नाहीं. शोधणाऱ्यास तें आजहि पूर्वीच्याच थाटांत दिसतें, आणि वर तारीख असली तरी ती पाहण्याइतका धीर अडचणींतल्या माणसास नसतो. निर्यातीच्या द्राक्षांबाबत हें आणखी जपावें लागतें. २०१० सालीं क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सांपडल्यामुळें आपलीं द्राक्षें युरोपांत नाकारलीं गेलीं, व बागाईतदारांना मोठा फटका बसला. अवशेषांच्या मर्यादा परदेशांत बदलत असतात. त्यांविषयींचें उत्तर एका हंगामापलीकडे तपासल्यावांचून वापरूंच नये. म्हणून खतावणी ठेवणाऱ्या मंडळानें दरसाल हंगामापूर्वीं औषधांचीं नांवें असलेलीं सर्व जुनीं उत्तरें चाळून, रद्द झालेल्यांवर ठळक अक्षरांनीं तसा शेरा मारिला पाहिजे. तीं पुसून टाकूं नयेत; कां रद्द झालीं हें वाचूनहि माणूस शहाणा होतो.

दुसरा धोका ओसाडपणाचा. चर्चापीठ उघडतांना चालकांस फार हुरूप असतो. साठ सभासद आणि दालनें पंचवीस : ऊस, कापूस, तेलबिया, रेशीम, शेळीपालन, अवजारें, कर्ज, हवामान, विनोद. प्रत्येक दालनांत एक-दोन प्रश्न पडून राहतात, उत्तर कोठेंच नसतें, आणि तिसरा येणारा माणूस रिकामी चावडी पाहून मागें फिरतो. आरंभीं दालनें तीन किंवा चारच ठेवावीं. एकांत इतकी गर्दी झाली कीं शोधतां येईना, तेव्हांच त्याची वांटणी करावी. शिवाय चर्चापीठाला मशागत लागते. दार उघडें राहिलें कीं जाहिरातवाल्यांचीं खोटीं खातीं हरळीसारखीं माजतात, आणि यंत्रावरील योजना वेळोवेळीं अद्ययावत न केली तर चोरांनाहि वाट मिळते. ज्या मंडळाजवळ हें करणारा माणूस नाहीं, त्यानें त्या वाटेस जाऊं नये.

मजकुराचा पत्ता हरपतो तेव्हां

२०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, आणि शेंकडों जणांस रुग्णालयांत न्यावें लागलें. त्या दुर्घटनेचीं कारणें अनेक होतीं : माणसाच्या उंचीइतकी वाढलेली कपाशी, दमट व उष्ण हवा, अंगावर संरक्षक साधनें नसणें, आणि दोन-तीन औषधें एकत्र कालवून मारणें. ती चर्चेच्या साधनामुळें घडली असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु औषधाच्या मात्रेविषयींचा अर्धवट मजकूर हा माणसाच्या जिवाशीं खेळ आहे, हें तिनें सर्वांच्या ध्यानीं आणून दिलें, आणि म्हणून साधन निवडतांना ती डोळ्यांपुढें ठेविली पाहिजे.

आपल्याकडे सल्ला देतांना दर दहा लिटर पाण्यास अमुक मिलिलिटर असें सांगतात, आणि तें प्रमाण साध्या पाठीवरच्या पंपाचें असतें. पेट्रोलवरील पंपानें पाणी कमी लागतें, म्हणून त्यासाठीं मात्रा तिप्पट करावी, असें त्यापुढें पुष्कळदां जोडलेलें असतें. आतां हाच मजकूर एका गटांतून दुसऱ्या गटांत जातांना कोणी तरी तो छाटून लहान केला, आणि ‘पेट्रोल पंप’ हे दोनच शब्द गळाले, तर साध्या पंपांत तिप्पट विष पडतें. लिहिणाऱ्याचें नांव नाहीं, पीक कोणतें तें नाहीं, कोणत्या महिन्यांतली गोष्ट तें नाहीं. राहतो तो केवळ आंकडा. व्हॉट्सॲपच्या चालकांनीं २०१८ सालीं भारतांत एक मजकूर एका वेळीं पांचच ठिकाणीं पुढें धाडतां येईल असें बंधन घातलें, आणि वारंवार फिरलेल्या मजकुरास २०२० पासून एका वेळीं एकच ठिकाण ठेविलें. त्यानें वेग कमी झाला. हरपलेला पत्ता कांहीं परत आला नाहीं.

यांतूनहि मोठा भेद पुढें आहे. चर्चापीठावर कोणी चुकीची मात्रा लिहिली, तर तिची दुरुस्ती तिच्याच खालीं लागते, आणि जो चूक वाचतो तो दुरुस्तीहि वाचतो. दारीं जाणाऱ्या लिखाणांत दुरुस्ती हें एक निराळें पत्र होतें. पहिलें पत्र ज्या ज्या घरीं गेलें त्या सर्व घरीं तें जाईल, याची हमी कोणीहि देऊं शकत नाहीं. पुढें धाडलेल्या ठिकाणीं तर जातच नाहीं. यासाठीं आमचें ठाम मत असें, कीं औषधाची मात्रा सांगणारा मजकूर मंडळाच्या गटांत मुळींच लिहूं देऊं नये. तो खतावणींतच लिहावा, व गटांत फक्त त्या पानाचा दुवा द्यावा. मग तो दुवा पन्नास गटांत फिरला तरी वाचणारा शेवटीं मूळ पानावरच येतो, आणि तेथें काल झालेली दुरुस्ती त्यास आज दिसते.

पुण्याचा १९५६ चा प्रयोग

साधन दारीं यावें कीं माणसानें साधनाकडे जावें, या प्रश्नाचें एक जुनें उत्तर आपल्याच प्रांतांत मिळालेलें आहे. १९५६ सालीं आकाशवाणीच्या पुणें केंद्रानें युनेस्कोच्या साहाय्यानें शेतकऱ्यांच्या श्रवणमंडळांचा प्रयोग केला. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पांच जिल्ह्यांतील दीडशें गांवीं मंडळें स्थापन करण्यांत आलीं. आठवड्यांतून दोन, याप्रमाणें दहा आठवडे वीस कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, लगेच त्यावर चर्चा करीत, आणि त्यांचे प्रश्न चिटणिसाकडून केंद्राला जात. त्यांचीं उत्तरें पुढील कार्यक्रमांतून मिळत. ही कल्पना कॅनडांतून आली होती. तेथें १९४१ पासून अशीं मंडळें चालत होतीं. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेनें पुण्याच्या प्रयोगाची पाहणी केली, तींत मंडळ असलेल्या गांवांची तुलना नुसता रेडिओ असलेल्या व रेडिओहि नसलेल्या गांवांशीं केली होती. जेथें ऐकून चर्चा झाली तेथें लोकांचें ज्ञान स्पष्टपणें अधिक वाढलें, असें आढळलें.

या प्रयोगांत रेडिओचा आवाज गांवांत आपण होऊन येत होता, पण चर्चा एका जागीं, ठरल्या वेळीं, ओळखीच्या वीस माणसांत होत होती, आणि तिचें टिपण होत होतें. आजचें साधन कितीहि निराळें असलें तरी ही वांटणी मोडण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.

मंडळानें काय पत्करावें

सभासद चाळीस-पन्नासांच्या आंत, एका पंचक्रोशींतले व परस्परांस ओळखणारे असतील, तर टपालयादी किंवा फोनवरील गट पुरे. चार घरांच्या वाडीला तीन मजली चावडी बांधूं नये. सभासद दोनशेंच्या पुढें गेले, तालुके व पिकें अनेक झालीं आणि तेच तेच प्रश्न परत येऊं लागले, म्हणजे खतावणीवांचून निभावणार नाहीं. कांहीं अलीकडील योजना, उदाहरणार्थ डिस्कोर्स, चर्चापीठावरील प्रत्येक लिखाण ई-मेलनेंहि घरीं पाठवितात व ई-मेलनें आलेलें उत्तर चर्चापीठावर लावितात. ऐकतांना यांत दोन्हीं वह्या एकींत आल्यासारख्या वाटतात. अनुभव असा, कीं ई-मेलनें उत्तर देणारे लोक मागील पत्राची सबंध शेंपटी खालीं तशीच ठेवितात, विषय बदलला तरी मथळा बदलीत नाहींत, आणि खातें लवकरच केरानें भरतें. झाडणारा माणूस असेल तरच ही सोय घ्यावी.

दोन ठिकाणीं सारखीच चर्चा चालूं देणें हें मात्र सर्वांत वाईट. प्रश्न एकीकडे, उत्तर दुसरीकडे, आणि दोहींकडे अर्धी माणसें, असा प्रकार होऊन दोन्हीं मरतात. त्यापेक्षां व्यापाऱ्याची रीत उचलावी. तो व्यवहार आधीं रोजकीर्दींत लिहितो आणि सवडीनें खतावणींत उतरतो. दोन्हीं वह्यांत सौदा करीत नाहीं. मंडळाची चर्चा जेथें माणसें आहेत तेथें, म्हणजे यादीवर किंवा गटावर, होऊं द्यावी. आठवड्यांतून एकदां चिटणिसानें त्यांतले निकालांत निघालेले प्रश्न निवडावे, आणि पीक, तारीख, गांव व उत्तर देणाऱ्याचें नांव यांसह ते खात्यावर मांडावे. औषधाच्या मात्रेचा अपवाद वर सांगितलाच आहे. हें काम आठवड्यास दोन-तीन तासांचें आहे, व तें हौसेवर सोंपवूं नये. हौस पहिल्या सुगींतच संपते. मंडळानें त्यासाठीं माफक मेहनताना द्यावा.

प्रश्न कसा लिहावा हेंहि एकदां छापून वांटावें. ‘डाळिंबाला डाग पडले, औषध सांगा’ यास उत्तर देणारा तज्ज्ञ एक तर अंदाज करील किंवा गप्प बसेल. ‘भगवा जातीचें डाळिंब, झाडें चार वर्षांचीं, मृग बहार, फळ लिंबाएवढें, आठ दिवसांत तीन वेळां पाऊस, डाग तेलकट, मधोमध चीर, जमीन मध्यम, ठिबक, गेल्या पंधरवड्यांत केलेल्या फवारण्या पुढीलप्रमाणें’ असें लिहिलें, तर निम्मी चर्चा वांचते. छायाचित्रें दोन असावीं, एक जवळून व एक सबंध झाडाचें.

आणखी एका गोष्टीकडे चालकांचें लक्ष वेधणें अवश्य आहे. यादींत नांव पुरुषाचें आणि प्रत्यक्ष शेत पाहणारी घरची बाई, अशीं घरें कमी नाहींत. धनी नोकरीसाठीं शहरांत, फोन त्याच्याजवळ, आणि किडीचा इशारा जातो तो त्या फोनवर. एका खातेदारामागें दोन पत्ते घेण्याची मुभा ठेविली, तर हा दोष जाग्यावरच मिटतो, व त्यास खर्च कांहींच येत नाहीं.

शेवटीं मालकीचा प्रश्न. याहूच्या चर्चागटांवर जगांतील असंख्य मंडळ्यांचीं वर्षानुवर्षांचीं पत्रें सांठलेलीं होतीं. ऑक्टोबर २०१९ मध्यें कंपनीनें तो सर्व मजकूर काढून टाकण्याची सूचना दिली. उतरून घेण्यास सभासदांस थोडे महिने मिळाले, आणि १५ डिसेंबर २०२० रोजीं ती सेवाच बंद झाली. ज्यांनीं वेळीं प्रती काढल्या त्यांचें राहिलें, इतरांचें गेलें. फुकट मिळालेल्या जागेवर बांधलेल्या घराचा सातबारा दुसऱ्याच्या नांवें असतो. म्हणून साधन निवडतांना पहिला प्रश्न हा विचारावा, कीं यांतील सबंध मजकूर आपणांस साध्या रूपांत उतरून घेतां येतो काय. येत नसेल तर तें साधन कितीहि सोयीचें असो, खतावणीसाठीं घेऊं नये. दर तीन महिन्यांनीं खात्याची एक प्रत मंडळाच्या संगणकावर व दुसरी निराळ्या जागीं ठेवावी, आणि वर्षाअखेर निवडक प्रश्नोत्तरें छापून कचेरींतल्या कपाटांत बांधून ठेवावीं. परवलीचे शब्द एकट्या चिटणिसाजवळ न राहतां अध्यक्षांजवळहि मोहोरबंद पाकिटांत असावे, व कार्यकारी मंडळ बदललें म्हणजे चार्ज देण्याच्या यादींत तिजोरीच्या किल्लीखालीं त्यांची नोंद करावी.